गावांच्या नावांचे दप्तर



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, संपावर बोलावे, फार तर किमान वेतनाच्या कायद्यावर बोलावे; गावांच्या नावांशी त्याला काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कर्तव्य आहे ते एका रकान्यामुळे. युनियनच्या सभासदत्वाच्या अर्जात 'मूळ गाव' असा एक रकाना असतो. गेली तीस वर्षे मी तो भरत आलो आहे. बुटीबोरीच्या किंवा हिंगण्याच्या कारखान्यात येणारा माणूस कधी बरडकिन्हीचा असतो, कधी नवेगावचा, कधी एटापल्लीच्या बाजूचा. गावाचे नाव तो सावकाश, अक्षर अक्षर तोडून सांगतो. कारण टेबलामागचा माणूस ते हमखास वाकडे लिहिणार, हा त्याचा अनुभव असतो. शाळा मी लवकर सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि त्यातल्या बऱ्याच भागाचा आरंभ या रकान्यापासून झाला. एकाच नावाची इतकी गावे का, आणि काही नावांचा अर्थ त्या गावच्या माणसालाही का सांगता येत नाही, एवढे दोनच प्रश्न होते.

घरापासून सुरुवात करू. हुडकेश्वर. यातला शेवटचा 'ईश्वर' उघड आहे. महादेवाच्या नावावरून वस्तीला नाव पडण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. त्र्यंबकेश्वर, महाबळेश्वर, संगमेश्वर ही त्याच जातीची नावे. प्रश्न पुढच्या भागाचा. मराठीत 'हुडकणे' म्हणजे शोधणे. तेव्हा 'हुडकून काढलेला देव' अशी कथा रचायला पाच मिनिटे पुरतात. 'हुडा' म्हणजे किल्ल्याचा बुरूज. त्यावरून दुसरी कथा. आणि 'हुडुक्का' नावाचे एक चर्मवाद्य होते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात आपल्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. शिवाच्या देवळाशी वाद्याचा संबंध जोडणे तर फारच सोपे. तीन शब्द, तिन्ही भाषेत खरे, तिन्ही कानाला पटणारे. पण तीन साक्षीदार एकाच घटनेची तीन वर्णने करू लागले की न्यायाधीश काय करतो? तो कागद मागतो. गावांच्या नावांच्या बाबतीत आपण मात्र ज्याची गोष्ट अधिक रंगतदार त्याच्या बाजूने निकाल देऊन मोकळे होतो.

या रंगतदार निकालांची नागपुरात काही कमी नाही. सीताबर्डीचेच घ्या. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद असे दोन गवळी बंधू येथे राज्य करीत, त्यांच्या नावांचे 'शीतलाबद्री' झाले आणि त्याची पुढे सीताबर्डी झाली, असे सांगतात. गोष्ट चांगली आहे. पण नागपूरचा मनुष्य 'बर्डीवर जाऊन येतो' म्हणतो तेव्हा तो बद्रीप्रसादाकडे जात नसतो. बरड म्हणजे खडकाळ, मुरमाड, पीक न धरणारी जमीन. बर्डी म्हणजे अशा जमिनीची टेकडी. १८१७ च्या नोव्हेंबरात २६ आणि २७ तारखांना भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली ती याच टेकड्यांवर. मघाशी सांगितलेले बरडकिन्ही हे ब्रह्मपुरीकडचे गाव. त्यातही तोच बरड आहे आणि किन्ही नावाचे झाड आहे. तेथे कोणी बद्रीप्रसाद गेला नव्हता. शब्द एकदा जमिनीचा निघाला की तो जेथे जेथे तशी जमीन तेथे तेथे भेटतो. राजाच्या गोष्टीला हा हिशेब लावता येत नाही.

कामठीची गोष्ट तर इंग्रजी जाणणाऱ्यांनी रचलेली आहे. १८२१ साली कन्हानच्या काठी इंग्रजांनी छावणी वसवली. छावणीला ते 'कँप' म्हणत, आणि तिचा आकार इंग्रजी 'टी' अक्षरासारखा, म्हणून 'कँप-टी' आणि त्याची कामठी, असे चांगले शिकलेले लोक अजूनही सांगतात. आता गोंदिया जिल्ह्यात कामठा नावाचे गाव आहे. भोसल्यांच्या काळापासून तेथे मोठी जमीनदारी होती. तेथे कोणत्या छावणीचा कोणता आकार होता? नाव आधीपासून आपल्या मुलखातले. इंग्रजांनी ते आपल्या लिपीत लिहिले, आणि मग त्या लिपीतून आपण आपल्याच नावाचा अर्थ काढू लागलो.

लिपीच्या या फेऱ्याचा आणखी एक नमुना रेल्वेच्या पाटीवर आहे. चंद्रपूरच्या गोंड राजघराण्यात बल्लाळशाह नाव होते, त्यावरून बल्लाळपूर. इंग्रजी लेखणीतून जाऊन-येऊन गावाचे झाले बल्लारपूर, आणि स्टेशनाचे बल्हारशाह. हजारो कामगार रोज त्या स्टेशनावर उतरतात आणि एका गोंड राजाचे नाव कारकुनाच्या उच्चारात घेतात.

मग खरा मार्ग कोणता? इंग्लंडातल्या लोकांनी आपल्या खेड्यांच्या नावांसाठी एक पद्धत बसवली, ती आपल्याला उपयोगी आहे. १०८६ साली विल्यम राजाने साऱ्या देशाची जमीन, गुरेढोरे आणि कुळे यांची एक प्रचंड नोंदवही करून घेतली. महसुलासाठीच, दुसरे काही पुण्य त्यात नव्हते. पण त्या वहीमुळे हजारो खेड्यांच्या नावांची नऊशे वर्षांपूर्वीची रूपे टिकली. १९२३ साली तेथे स्थलनामांचा अभ्यास करणारी संस्था निघाली आणि तिने एकेक परगणा घेऊन ग्रंथ काढले. नियम साधा: आजच्या उच्चारावरून अर्थ काढायचा नाही, नावाचे सर्वांत जुने लेखी रूप शोधायचे आणि तेथून खाली यायचे. असे केल्यावर दिसले की नावांच्या शेपटांत देशाचा इतिहास थरांनी बसला आहे. ज्या मँचेस्टरच्या कापडाने आपले कोष्टी देशोधडीला लावले, त्या नावातले 'चेस्टर' म्हणजे रोमन फौजेचा तळ. डर्बीतले 'बी' म्हणजे डेन लोकांची वस्ती. डेन येण्यापूर्वी त्या गावाचे नावच वेगळे होते. 'टन' म्हणजे गाव किंवा वाडी. तेव्हा न्यूटन म्हणजे नवेगाव, आणि गुरुत्वाकर्षणाचा शोध लावणारे आयझॅक न्यूटन हे आपल्या हिशेबाने नवेगावकर.

आपल्याकडे अशी एकच मोठी वही नाही. पण आपले कागद इंग्लंडच्या त्या वहीहून सहाशे वर्षे जुने आहेत आणि ते तांब्याचे आहेत. वाकाटकांचे ताम्रपट विदर्भात नांगराच्या फाळाला लागून, पाया खणताना, असे निघत आले. नागपूरला मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे वा. वि. मिराशी यांनी ते वाचले आणि १९६३ साली त्यांचा एकत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या आधी रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांताचे शिलालेख धुंडाळले आणि गावांच्या नावांच्या अर्थावर हिंदीत पुस्तकही लिहिले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर गावांच्या नावांवरून महाराष्ट्राच्या वसाहतीचा इतिहासच उभा करण्याचे धाडस केले. राजवाड्यांबद्दल मला अपार आदर आहे. पण प्रत्येक शब्दामागे संस्कृत मूळ असलेच पाहिजे या हट्टापायी ते कधीकधी खेड्यातल्या माणसाच्या तोंडून पाणिनीला बोलायला लावतात, हेही सांगितले पाहिजे.

एक ताम्रपट पाहू. वाकाटक सम्राज्ञी प्रभावतीगुप्ता हिने युवराज दिवाकरसेनाच्या वतीने राज्य चालवले. तिचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबट घराण्याकडे सापडला, म्हणून त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. त्यातली जमीन मात्र आपल्या बाजूची. दान दिलेल्या गावाचे नाव दंगुण. आता दंगुण नावाचे गाव आज कोठेही नाही. पण पटात दान दिलेल्या गावाच्या चारही दिशांच्या गावांची नावे दिलेली आहेत. त्यांत एक शीर्षग्राम आहे, आणखी एक विलवणक. मिराशींनी हे शेजारी आजच्या नकाशावर शोधले. शीर्षग्राम म्हणजे शिरसगाव. शेजारी जागेवर बसले तशी मधली जागा आपोआप उघडी पडली, आणि दंगुण म्हणजे हिंगणघाट असा निर्णय त्यांनी दिला. हिंगणाचे झाड आणि नदीचा घाट एवढ्यावर आपण समाधान मानले असते. नाव एकटे कधी वाचू नये, शेजाऱ्यांसह वाचावे, हा धडा मी या पटावरून घेतला.

दुसरा पट अचलपूरजवळच्या चम्मक गावचा, दुसऱ्या प्रवरसेनाचा. त्यात गावाचे नाव चर्मांक असे आहे, आणि ते मधुनदीच्या काठी, भोजकट राज्यात असल्याचे लिहिले आहे. चर्मांकाचे चम्मक व्हायला दीड हजार वर्षे लागली. झीज होऊनही नाव ओळखू येते. चर्म म्हणजे कातडे, हे नावात दिसतेच. पण मघाशी हुडकेश्वराला जो नियम लावला तो येथेही लावू आणि कोणाच्या धंद्यावरून नाव पडले याचा निकाल देण्याचे टाळू. पटातला दुसरा मजकूर त्याहून बोलका आहे. आठ हजार भूमी-मापांची जमीन एक हजार ब्राह्मणांना दिली आहे, आणि त्यांपैकी ४९ जणांची नावे गोत्रासह कोरली आहेत. राजाची वंशावळ आहे. आज्ञा करणारा आहे, लिहून घेणारा आहे. मग गावाला ज्या सवलती दिल्या त्यांची यादी येते: राजाच्या माणसांना फुले आणि दूध पुरवायचे नाही, बसायला कातडी द्यायची नाहीत, कोळसा द्यायचा नाही, आणि 'विष्टि' करायची नाही. हा विष्टि शब्द आपण आजही बोलतो. तीच आपली वेठ. ज्या गावांना असा पट मिळाला नाही, तेथे हे सारे पुरवावे लागत होते, हे त्या सवलतीवरूनच कळते. कातडे कमावणारा, कोळसा पाडणारा, दूध काढणारा यांच्यापैकी एकाचेही नाव तांब्यावर नाही. त्या गावात राहिलेल्या शेकडो कष्टकऱ्यांनी मागे ठेवलेला एकच शब्द आपल्या हातात आला आहे, तो म्हणजे गावाचे नाव. रोजच्या बोलण्यात ते वापरून वापरून त्यांनीच चर्मांकाचे चम्मक केले. राजाच्या लेखनिकाने केले नाही.

अचलपूरचा कागद आणखी पक्का. ईल नावाच्या राजाने अकराव्या शतकात हे शहर वसवले म्हणून त्याचे एलिचपूर, अशी दंतकथा वऱ्हाडात सर्वश्रुत आहे. पण त्याआधी काही शतके, राष्ट्रकूट नन्नराजाच्या तिवरखेड ताम्रपटात अचलपूर हे नाव स्वच्छ लिहिलेले आहे. मग एलिचपूर कोठून आले? त्याचे उत्तर बाराव्या शतकातला गुजरातचा जैन पंडित हेमचंद्र देतो. आपल्या प्राकृत व्याकरणात त्याने खास या एका गावासाठी नियम सांगितला आहे की लोकांच्या बोलण्यात यातले 'च' आणि 'ल' जागा बदलतात: अचलपूरचे अलचपूर होते. अलचपूरचे इलिचपूर व्हायला मग राजाची गरज उरत नाही. आपली मुले 'चाकू'ला 'काचू' म्हणतात, तीच ही क्रिया. ईल राजाला गादीवरून खाली उतरवायला एका वैयाकरणाची एक ओळ पुरली.

आता थरांकडे येऊ. विदर्भाच्या नावांत संस्कृत-प्राकृताचा थर मोठा आहे. ग्रामाचे गाव झाले, खेटाचे खेड, वाटाचा म्हणजे कुंपण घातलेल्या जागेचा वाडा. रामटेकजवळचे नगरधन हे वाकाटकांचे नंदिवर्धन; मधले रूप नंदरधन. तेथे अलीकडे, २०१५ नंतर, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले, तेव्हा प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा हाती आली. नावाच्या साक्षीला जमिनीने दुजोरा दिला.

पण वैनगंगा ओलांडून पूर्वेला आणि दक्षिणेला गेलो की शेपटे बदलतात. तेथे मेट्टा आहे, गुडा आहे, पल्ली आहे. गोंडीत 'मट्टा' किंवा 'मेट्टा' म्हणजे डोंगर, 'नार' म्हणजे गाव, 'एर' म्हणजे पाणी, 'मरा' म्हणजे झाड. एटापल्ली, भामरागडकडचा एखादा मजूर गावाचे नाव सांगतो तेव्हा ते एक छोटेसे वाक्य असते. त्यात कोणता डोंगर, कोणते झाड, कोठले पाणी हे सांगितलेले असते. ज्याला गोंडी येत नाही त्याला तो नुसता आवाज वाटतो. मग तलाठ्यापासून शाळामास्तरापर्यंत प्रत्येक जण त्या आवाजाला मराठी किंवा हिंदी शब्दाच्या जवळ ओढतो, आणि दोन पिढ्यांत वाक्य मरते, आवाज उरतो. गंमत अशी की पल्ली हा शब्द संस्कृतानेही घेतला आणि तो द्राविडी भाषांकडून घेतला असे बहुतेक भाषापंडित मानतात. डोंबिवली आणि कांदिवली यांच्या शेवटी जी 'वली' आहे ती तीच. लोकलला लोंबकळून डोंबिवलीला जाणाऱ्या कारकुनाच्या गावाचे आणि एटापल्लीच्या गोंडाच्या गावाचे शेपूट एकच आहे, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

नागपूर शहराच्या पोटातही हे थर आहेत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून हे शहर वसवले. त्या समूहाला राजापूर बारसा म्हणत. शहराचे नाव नाग नदीवरून पडले. परंपरेने ज्या बारा वाड्या सांगतात त्यांत हिवरी, सक्करदरा, लेंढ्रा, फुटाळा, भानखेडा आणि सीताबर्डी आहेत. हिवर हे आपल्याकडचे काटेरी झाड. हिवरीनगर म्हणताना आपण अजून त्या झाडाखालीच असतो. तेलंगखेडीत तेलंग म्हणजे तेलुगू मुलखातले लोक आहेत. बुटीबोरी म्हणजे बोरीच्या झाडाचे गाव. बोरी नावाची गावे इतकी की ओळखायला पुढे मालगुजाराचे आडनाव लावले. बोरीचे झाड लावणाऱ्याचे नाव लागले नाही, सारा वसूल करणाऱ्याचे लागले. एरवी झाडांची नावे मला फार लोकशाहीवादी वाटतात. वडगाव, पिंपळगाव, चिंचभुवन, बाभुळखेडा, मोहगाव, आमगाव: यांत राजा नाही, देव नाही, जात नाही, ज्याच्या सावलीत सगळे बसले ते झाड आहे. आपल्या शेजारचा पिपळा आणि उमरेड रस्त्यावरचे विहीरगाव याच वर्गातले. गाव वसवणाऱ्याला सर्वांत आधी काय हवे होते ते नावाने सांगून टाकले.

मुसलमानी अमलाचा थर बहुधा नावात नसून नावाच्या मागे जोडलेला असतो. बुजरुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, हे दोन्ही फारसी शब्द. महसुलासाठी दोन सारख्या गावांत भेद करायला ते आले आणि राहिले. आपल्याकडेही हुडकेश्वर बुजरुक आहे, हुडकेश्वर खुर्द आहे. पण एक फारसी-अरबी शब्द नावाच्या आत शिरून इतका बेमालूम बसला की ओळखू येत नाही. यवतमाळ. यातला 'माळ' पाहून आपण म्हणतो, पठारावरचे गाव. वस्तुतः मूळ गाव येवत किंवा यवत; ते परगण्याचे, म्हणजे महालाचे, ठिकाण, म्हणून येवत-महाल. ऐने-अकबरीत हा परगणा 'योत लोहारा' असा नोंदलेला आहे, आणि लोहारा हे गाव यवतमाळच्या शेजारी आजही आहे. अकबराच्या दप्तरात शिरलेल्या लोहारांच्या त्या गावाचे मला नेहमी कौतुक वाटते.

नाव टिकते कशाने, हे जसे पाहिले तसे जाते कशाने, हेही पाहिले पाहिजे. महसुली यादीत 'रिठी' अशी खूण असलेली गावे आपण पाहिली असतील. रिठी म्हणजे उजाड गाव. साथ आली, पाणी आटले, लूट झाली, गाव उठले. पण सरकारी कागदावर मौजा कायम. जुन्या पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या त्या पांढऱ्या मातीवर, खापरांचे तुकडे पडलेले असतात. बाकी सारी काळी, म्हणजे शेती. माणूस एकही नाही आणि हजेरीपटावर नाव आहे, असा हा प्रकार.

उलटही होते. माणसे आहेत आणि नाव पुसले गेले. १८६६ साली वर्धा शहर आखून वसवले, ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर. नदीचे नाव शहराला मिळाले. पालकवाडी किती वर्धेकरांना ठाऊक आहे? आपल्या डोळ्यांदेखत मिहान प्रकल्पासाठी तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी या गावांच्या जमिनी गेल्या. वैनगंगेवर १९८८ साली ज्याची पायाभरणी झाली त्या धरणाने भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावेच्या गावे उठवली. त्या प्रचंड धरणाचे नाव गोसेखुर्द, म्हणजे धाकटे गोसे. उठलेल्या गावांचे लोक पुनर्वसनाच्या जागी जुनेच नाव घेऊन गेले, पुढे 'नवीन' किंवा मागे 'पुनर्वसन' लावून. भांडीकुंडी, जनावरे, देव आणि नाव, एवढेच नेण्यासारखे होते. कोकणात मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचे एक खेडे आहे. तेथून निघालेल्या एका घराण्याच्या आडनावात ते जगभर पोचले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ते मूळ गाव.

हुडकेश्वर आणि नरसाळा २०१३ साली महानगरपालिकेत आले. त्याआधीच शेतांची ले-आउटे पडली होती आणि प्रत्येक ले-आउटला नगर, विहार, सिटी अशी नावे लागली होती. विक्रीपत्रात मात्र अजून 'मौजा हुडकेश्वर', खसरा क्रमांक आणि पटवारी हलका लिहावाच लागतो. त्यामुळे गावाचे नाव इतक्यात जायचे नाही. जाणार आहेत ती शेतांची नावे, नाल्यांची नावे, विहिरींची नावे. ती कोणत्याच सातबाऱ्यावर नाहीत.

आणि आता जी गोष्ट सांगायची ती थोडी अवघड आहे. मघाशी मी वाड्याचे मूळ सांगितले. तोच वाडा मानेवाड्यात आहे, सरदाराच्या हवेलीला आहे आणि गावाबाहेर ढकललेल्या महारवाड्याला, मांगवाड्यालाही आहे. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे काढावी आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावी. जुन्या नावांचा अभ्यास करणाऱ्या काही मित्रांना हळहळ वाटली. इतिहास पुसला जातो असे ते म्हणाले. मला ही हळहळ पटत नाही. पिंपळगाव हे नाव तेथे राहणाऱ्यांनी ठेवले होते. महारवाडा हे नाव तेथे राहणाऱ्यांनी ठेवले नव्हते. ते बाहेरून लादलेले, आणि पत्ता सांगताना दर वेळी जात सांगायला लावणारे. १९५६ च्या ऑक्टोबरात येथे नागपुरात धर्मांतर झाल्यावर कित्येक गावांत लोकांनी कोणत्याही शासननिर्णयाची वाट न पाहता आपल्या वस्तीचे नाव बदलले. तो अधिकार त्यांचाच होता. कारखान्यात मालकाने दिलेल्या तुच्छतेच्या नावाने मजूर ओ देत नाही, तसेच हे आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. पाटी बदलताना जुने नाव, ते कोणी म्हणत होते, कधीपासून, वस्ती गावाच्या कोणत्या दिशेला होती, तिची विहीर वेगळी होती काय, याची नोंद दप्तरात होत नाही. पाटीवरचे नाव अपमान करते. दप्तरातली नोंद अपमान कोणी केला ते सांगते. चम्मकच्या पटात सवलतींची यादी राहिली म्हणून तर वेठीचा पुरावा आपल्या हाती आला. उद्याच्या माणसाला महारवाडा कोठे होता हे कागदावर सापडलेच नाही, तर तो म्हणेल, आमच्या गावात असले काही नव्हतेच.

यासाठी संस्था लागत नाही, अनुदान लागत नाही. शाळेतल्या मुलांना एक दोनशे पानी वही द्यावी. हुडकेश्वर, नरसाळा, पिपळा, विहीरगाव येथे साठी-सत्तरी ओलांडलेल्या, शेतात राबलेल्या बायका अजून आहेत. त्यांना विचारावे, कारण निंदायला, वेचायला त्या प्रत्येक शेतात गेलेल्या आहेत आणि त्यांना शेते खसरा क्रमांकाने ठाऊक नाहीत, नावाने ठाऊक आहेत. वहीत चार रकाने पुरेत: नाव जसे उच्चारले तसे, सांगणाऱ्याचे वय, जागा कोणत्या झाडाजवळ, नाल्याजवळ, आणि आज तेथे कोणता ले-आउट आहे. अर्थाचा रकाना ठेवू नये. तो कोरा राहिला तरी चालेल, पण कल्पनेने भरलेला चालणार नाही. पहिला पाऊस पडून शाळा सुरू होतील त्या आठवड्यात वह्या वाटायच्या, असे काही शिक्षक मित्रांशी बोलणे झाले आहे. ज्यांच्या घरी जुनी विक्रीपत्रे, मालगुजारीच्या काळातल्या पावत्या किंवा मिसल बंदोबस्ताच्या नकला असतील, त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. मूळ कागद नेणार नाही, येथेच बसून उतरवून घेईन.